घरच्या स्टिरिओसाठी म्युझिक सर्व्हर: बॉक्स सगळ्यात शेवटी निवडा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीच्या गावभागात आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आधी धान्य, कपडे, कागदपत्रं बघितली आणि मग सीडींचं कपाट उघडलं. सहाशेच्या आसपास सीडी आणि दोनेकशे कॅसेट. गाळ धुऊन गच्चीवर चादरी अंथरल्या आणि एकेक सीडी वाळत घातली. बहुतेक सीडी वाजल्या. त्यांच्या पुस्तिका मात्र एकमेकींना चिकटून लगदा झाल्या होत्या. काही सीडींवर फक्त गायकाचं नाव आणि कंपनीचं चिन्ह छापलेलं होतं. तबल्याला कोण, पेटीवर कोण, मैफल कुठल्या साली झाली, चीज कोणती, हे सगळं त्या लगद्यात गेलं.

म्युझिक सर्व्हर घ्यायचा विचार तिथून सुरू झाला. त्यामुळे 'कुठला सर्व्हर घेऊ?' असं कोणी विचारलं की मी आधी त्यांच्या संग्रहाबद्दल आणि त्यातलं गाणं ते कसं शोधतात याबद्दल विचारतो. आपल्याकडचं गाणं ऐकणाऱ्याला सर्व्हरनं तीन गोष्टी द्यायला हव्यात. संग्रह सुरक्षित राहावा, हवा तो राग अर्ध्या मिनिटात सापडावा आणि घरातल्या कोणालाही तो लावता यावा. बॉक्स कुठला, हे या तीन गोष्टींवरून ठरतं. म्हणून निवडीचा क्रम खाली दिला आहे तसाच ठेवा.

सर्व्हर नेमकं काय करतो

घरच्या स्टिरिओत डिजिटल संगीताची तीन कामं असतात. फाइली साठवून त्यांची यादी ठेवणं हे सर्व्हरचं काम. त्या यादीतून निवडलेली फाइल वाजवायला घेणं हे प्लेअरचं, ज्याला बाजारात स्ट्रीमर म्हणतात. आणि आकड्यांचं रूपांतर विजेच्या लहरींत करून ॲम्प्लिफायरकडे पाठवणं हे डॅकचं. एकाच बॉक्समध्ये तिन्ही कामं असू शकतात किंवा तीन वेगळे बॉक्सही असू शकतात. स्वतंत्र सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटर चालू न करता, दिवसभर कोपऱ्यात शांत बसून हे काम करणारं यंत्र. त्याला मोबाईलवरून किंवा टॅबवरून चालवायचं असतं.

जाहिरातींत ही तिन्ही कामं एकमेकांत मिसळलेली असतात. एखादी वस्तू घेण्याआधी ती यातलं कोणतं काम करते आणि कोणतं करत नाही, हे एका कागदावर लिहून काढा. बरेच चुकीचे सौदे एवढ्यानंच टळतात.

आधी संग्रह मोजा

सीडीवरचं संगीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असतं. म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट, मिनिटाला साधारण १० एमबी. तासाभराची सीडी जशीच्या तशी ठेवली तर ६०० एमबीच्या आसपास जागा घेते. फ्लॅक नावाच्या फाइलप्रकारात ती दाबून साधारण निम्म्या जागेत बसते आणि त्यात एक बिटही कमी होत नाही, कारण फ्लॅक परत उलगडलं की मूळ आकडे तसेच्या तसे मिळतात. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत डावा आणि उजवा चॅनल हुबेहूब सारखे असतील तर दुसरा चॅनल जवळजवळ फुकटात बसतो. फ्लॅक २००१ पासून आहे, ते सगळ्यांसाठी मोफत आहे आणि आजचे बहुतेक सर्व्हर ते वाचतात.

आता हिशोब करा. एका सीडीला ३५० एमबी धरले तर माझ्या ६०० सीडी २१० जीबी होतात. दोनशे कॅसेट तासातासाच्या धरल्या, आणि कॅसेटच्या खरखरीमुळे फ्लॅक तितकं दाबलं जात नाही म्हणून तासाला ४०० एमबी धरले, तर आणखी ८० जीबी. सगळं मिळून ३०० जीबीच्या आत. १ टीबीच्या एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कमध्ये, हे सगळं बसून पुढच्या कित्येक वर्षांची जागा उरते. ४ आणि ८ टीबीच्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजायची गरज फार थोड्या घरांना असते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइली भरपूर असतील तर मात्र तासाला साधारण सव्वा जीबी धरून वेगळा हिशोब करावा लागेल.

ॲम्पच्या मागे टॉर्च घेऊन बघा

तुमच्या ॲम्प्लिफायरला मागे नुसत्या लाल-पांढऱ्या पिनांचे 'ऑक्स' इनपुट असतील, तर सर्व्हरला स्वतःचं ॲनालॉग आउटपुट हवं किंवा मध्ये वेगळा डॅक हवा. ॲम्पमध्येच डॅक असेल तर सर्व्हरला यूएसबी, कोॲक्शियल किंवा ऑप्टिकल यातलं जुळणारं एक डिजिटल आउटपुट असलं की झालं. ऑप्टिकल केबलवर ९६ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त राहता येतं, १९२ सगळीकडे चालेलच असं नाही. तिचा मोठा फायदा असा की ती काचेची किंवा प्लास्टिकची असल्यामुळे तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून अर्थिंगची घुरघुर सर्व्हरकडून ॲम्पकडे येत नाही. डॅक आधीच चांगला असेल तर डॅकसकट महागडा सर्व्हर घेऊ नका. एकाच कामाचे दोनदा पैसे जातात.

यादी: इथे घाई करू नका

परदेशी बनावटीचे बहुतेक सर्व्हर पॉप अल्बम डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. कलाकार, अल्बम, गाणं, एवढ्या तीन पायऱ्यांवर त्यांची यादी उभी असते. आपण तसं शोधतो का? संध्याकाळी मारवा ऐकावासा वाटतो आणि मग तो कोणाचा ऐकायचा हे ठरतं. माझी आई पहाटे जोगिया शोधते, तिला अल्बमचं नाव कधीच माहीत नसतं. राग, गायक, साथ, ताल, ख्याल की ठुमरी की नाट्यगीत, असं आपलं शोधणं असतं. हे सर्व्हरला शिकवायचं साधन म्हणजे टॅग, म्हणजेच फाइलच्या पोटात लिहिलेली माहिती.

फ्लॅक फाइलीत टॅग युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे देवनागरी व्यवस्थित लिहिता येते. शिवाय आपल्या मनाचे नवे रकाने तयार करता येतात. रकान्याचं नाव रोमन अक्षरांत द्यावं लागतं, त्यातला मजकूर मात्र मराठीत चालतो. मी राग, ताल, साथ आणि मैफलीचं ठिकाण असे चार रकाने केले आहेत. विंडोजवर 'एमपीथ्री टॅग' हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे, नावात एमपीथ्री असलं तरी ते फ्लॅकवरही चालतं. वेव्ह या न दाबलेल्या फाइलप्रकारात सीडी उतरवू नका, असं मी आग्रहानं सांगतो. वेव्हचे टॅग अनेक सर्व्हर नीट वाचत नाहीत आणि महिनाभर केलेलं काम बॉक्स बदलला की दिसेनासं होतं.

अडचण अशी की फाइलीत 'राग' रकाना असला तरी तो सर्व्हरच्या यादीत येईलच असं नाही. 'मिनिमसर्व्हर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही रकाना यादीत घेता येतो. 'लिरियन म्युझिक सर्व्हर'मध्ये प्लगइन टाकून ते जमतं. पुष्कळ तयार बॉक्समध्ये ते जमतच नाही, तिथे फक्त कलाकार, अल्बम, संगीतकार आणि प्रकार एवढेच रकाने दिसतात. अशा वेळी राग 'प्रकार' या रकान्यात टाका. फ्लॅकमध्ये एका फाइलीला दोन प्रकार देता येतात, म्हणजे 'ख्याल' आणि 'राग मारवा' दोन्ही. काही जण राग 'संगीतकार' रकान्यात टाकायला सांगतात, ते मला पटत नाही. नाट्यगीतांत तो रकाना खऱ्या संगीतकाराचा असतो. गोविंदराव टेंबे किंवा मास्टर कृष्णराव यांचं नाव काढून तिथे रागाचं नाव लिहिणं मला तरी करवत नाही.

नावं एकाच पद्धतीनं लिहा. 'पंडित भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'भीमसेन जोशी' हे सर्व्हरच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. मी आदराचं बिरुद टॅगमध्ये लिहीत नाही, म्हणजे यादी अकारविल्हे नीट लागते. 'पूरिया' की 'पुरिया', 'जोगिया' की 'जोगीया', हे एका वहीत एकदा ठरवून ठेवा आणि मग मोडू नका.

देवनागरीची एक खोच मला दोन आठवडे छळत होती, म्हणून ती सविस्तर सांगतो. नाट्यसंगीताच्या साथीत मी 'ऑर्गन' लिहिलं होतं. शोधलं की निम्मीच गाणी यायची. पडद्यावर शब्द अगदी सारखे दिसत होते. शेवटी एकेक अक्षर खोडून पाहिलं तेव्हा कळलं. 'ऑ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एक अख्खं अक्षर म्हणून आणि दुसरं 'आ'वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच, यंत्राला वेगळी. लॅपटॉपचा कीबोर्ड एक प्रकार टाइप करत होता आणि मोबाईलचा दुसरा. 'ॲ' आणि 'ऱ्य' यांच्याही बाबतीत असंच होतं. उपाय साधा आहे. सगळे टॅग एकाच कीबोर्डवरून लिहा आणि जुने असतील तर एकदा शोधून-बदलून एकसारखे करून घ्या.

सीडी घातली की माहिती आपोआप भरली जाते, असं विक्रेते सांगतात. मराठी आणि हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. इंटरनेटवरच्या या याद्या लोकांनी भरलेल्या असतात. आपल्या सीडींची माहिती एक तर नसते किंवा रागाच्या जागी 'ट्रॅक १' असतं. फ्रीडीबी ही जुनी मोफत यादी तर २०२० मध्ये बंदच झाली. माहिती हातानं भरायची आहे, असं धरूनच वेळ काढा.

खरेदीआधी पेनड्राइव्हची परीक्षा

मोठ्या किमतीचे सर्व्हर बघायला पुण्या-मुंबईच्या डीलरकडे जावं लागतं. जाताना दहा अल्बमचा पेनड्राइव्ह घेऊन जा, टॅग मराठीत भरलेला. त्यात विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेली एक प्रत्यक्ष मैफल असू द्या. बडा ख्याल संपून छोटा सुरू होताना तबला थांबत नाही, तंबोरा तर नाहीच नाही. त्या सांध्यावर क्षणभर जरी आवाज तुटला तरी तो सर्व्हर आपल्या कामाचा नाही. याला 'गॅपलेस प्लेबॅक' म्हणतात. माहितीपत्रकात तो आहे असं लिहिलेलं असतं, तरी स्वतःच्या कानांनी ऐकून खात्री करा. काही यंत्रं स्वतः वाजवताना सलग वाजवतात, पण दुसऱ्या स्ट्रीमरकडे पाठवताना मध्ये तोडतात.

मग पडदा बघा. 'श्री', 'त्र', 'र्क' अशी जोडाक्षरं नीट दिसतात का? ॲपमध्ये सहसा दिसतात, कारण तिथे मोबाईलचा फाँट वापरला जातो. यंत्राच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर मात्र कधी कधी नुसते चौकोन येतात. मराठीत टाइप करून राग शोधून बघा. फोल्डरप्रमाणे बघायची सोय आहे का ते विचारा. टॅगमध्ये चूक झाली तर फोल्डरच उपयोगी पडतात.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आतली डिस्क काढून किंवा तिची प्रत करून साध्या कॉम्प्युटरला लावली, तर फ्लॅक फाइली फोल्डरमध्ये सरळ दिसतात का? आणि ॲपमध्ये मी टॅग बदलला तर तो फाइलीत लिहिला जातो की फक्त त्या यंत्राच्या डेटाबेसमध्ये? डेटाबेसमध्येच राहत असेल तर तुमची मेहनत त्या यंत्रात अडकली. यंत्र गेलं की तीही गेली. ज्याच्या पुस्तिका पुरात गेल्या आहेत, त्यानं हा धोका पुन्हा पत्करू नये.

कुठल्या जातीचा बॉक्स

पहिली जात तयार बॉक्सची. पोर्तुगालची इन्युओस, दक्षिण कोरियाची कॉकटेल ऑडिओ, कॅनडाच्या ब्लूसाउंडचा व्हॉल्ट, ब्रिटनची ब्रेनन. यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये सीडी घातली की ती आपोआप फ्लॅकमध्ये उतरते आणि बाहेर येते. ज्यांना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही आणि खिशाला परवडतं, त्यांच्यासाठी हे सोपं. पण आपल्या गावचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. बिघाड झाला तर यंत्र कुठे पाठवायचं, भारतात त्याचा अधिकृत प्रतिनिधी आहे का, आत कुठला एसएसडी आहे आणि तो आपल्याला बदलता येतो का, हे लेखी विचारून घ्या. परदेशातून स्वतः मागवलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेलच असं नसतं.

दुसरी जात म्हणजे नॅस. सायनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारखी, नेटवर्कवर बसणारी हार्ड डिस्कची पेटी आणि जोडीला एक स्ट्रीमर. फोटो, कागदपत्रं, मुलांचे व्हिडिओ हेही एकाच जागी ठेवायचे असतील तर हा उत्तम मार्ग. नॅसमध्ये सहसा पंखा आणि फिरणाऱ्या डिस्क असतात, तेव्हा ती ऐकायच्या खोलीत नको. राउटरजवळ दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लॅन केबलनं जोडा.

तिसरी जात माझी आवडती, छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर मोफत सॉफ्टवेअर. रास्पबेरी पाय किंवा बिनपंख्याचा मिनी पीसी घ्या आणि त्यावर लिरियन किंवा व्होल्युमिओ टाका. लिरियनची कहाणी सांगण्यासारखी आहे. हे सॉफ्टवेअर 'स्क्वीझबॉक्स' नावाच्या प्लेअरसाठी बनलं होतं. तो प्लेअर बनवणारी कंपनी लॉजिटेकनं २००६ मध्ये विकत घेतली, २०१२ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं आणि २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच ते सांभाळलं, नवं नाव दिलं, आणि आजही ते त्या जुन्या प्लेअरवर आणि नव्या यंत्रांवर चालतं. बॉक्स बनवणारी कंपनी गेली तरी संग्रह चालू राहतो, हे मला कुठल्याही चकचकीत पॅनेलपेक्षा मोलाचं वाटतं. अट एवढीच की सुरुवातीला एक-दोन रविवार द्यावे लागतात, किंवा घरात कॉम्प्युटरची आवड असलेलं कोणी असावं लागतं.

रून या सॉफ्टवेअरचं रूप सुंदर आहे, पण त्याला वर्गणी लागते आणि त्याची खरी गंमत परदेशी संगीताच्या भरपूर माहितीत आहे. आपल्या संग्रहाला त्यातलं फार थोडं मिळतं. महागड्या सर्व्हरांची आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्या जाहिरातीत टायडल आणि कोबझ या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांचा मोठा उल्लेख असतो, पण या सेवा भारतात अधिकृतपणे सुरू झालेल्या नाहीत. ज्या सुविधेचा उपयोग नाही, तिच्यासाठी पैसे कशाला?

आवाजात फरक पडतो का

हा प्रश्न मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या मित्रासोबत बसून सोडवला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या माणसांच्या कानांमुळे. त्यांच्या कामाचा प्राण जवारी. घोडीवर तार टेकते तिथे खाली सुताचा एक बारीक धागा सरकवायचा. केसभर पुढे नेला की आवाज बंद होतो, केसभर मागे नेला की नुसता झणकार होतो आणि मधल्या एका बिंदूवर तार उमलते, खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. रोज हेच ऐकणाऱ्या माणसापासून आवाजातला फरक लपत नाही.

नुसत्या तंबोऱ्याचं एक ध्वनिमुद्रण घेतलं. एकच डॅक, एकच ॲम्प, आवाजाची पातळी तीच. एकदा लॅपटॉपवरून, एकदा सर्व्हरवरून, कुठलं चालू आहे ते न सांगता. लॅपटॉप बॅटरीवर असताना त्यालाही आणि मलाही खात्रीनं सांगता आलं नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला मात्र, तर स्पीकरमधून बारीक घुरघुर आली, ती त्यानं लगेच पकडली. तीच फाइल १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत ऐकवली तर जवारीचा वरचा भाग पाण्यात हलल्यासारखा झाला. ३२० किलोबिटला हा फरक ओळखणं त्यालाही अवघड गेलं.

माझं मत यावरून पक्कं झालं. तेच आकडे डॅकपर्यंत पोचले आणि सोबत विजेची घाण गेली नाही, तर सर्व्हरचं काम झालं. आजचे बहुतेक यूएसबी डॅक वेळेचं मोजमाप स्वतःच्या घड्याळावर करतात, सर्व्हरच्या नाही. आवाज सुधारायला पैसे असतील तर आधी स्पीकर, मग स्पीकरची जागा, मग डॅक. सर्व्हरवर खर्च करायचाच तर तो बिनपंख्याचा आहे ना, हे बघण्यावर करा. रात्रीच्या आलापीत मागे पंख्याची घरघर असेल तर चांगल्या डॅकचाही उपयोग नाही.

लाईट, उन्हाळा आणि जागा

आपल्याकडे लाईट जाते, ती सांगून जात नाही. फाइल लिहीत असताना वीज गेली तर डिस्कची यादी बिघडते, आणि रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड तर अशा वेळी हमखास दगा देतं. म्हणून पायला मेमरी कार्डाऐवजी एसएसडीवरून चालवा आणि सर्व्हरला एक छोटा यूपीएस लावा. बऱ्याच नॅसना यूएसबीतून यूपीएस जोडता येतो, मग लाईट गेल्याचं कळलं की ती स्वतःहून नीट बंद होते. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून गुणगुण ऐकू येते. ऐकायची खोली इन्व्हर्टरवर चालवायची तर प्युअर साइन वेव्ह घ्या. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि सगळ्यात कमी घरांत केला जातो.

एप्रिल-मेमध्ये सांगलीचं ऊन ४० अंशांना टेकतं. बिनपंख्याचा बॉक्स अंगातूनच उष्णता सोडतो, तो बंद काचेच्या कपाटात किंवा ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका. चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा.

सीडी आणि कॅसेट उतरवणं

विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' मोफत मिळतं. ते उतरवलेल्या सीडीच्या आकड्यांवरून एक बेरीज काढतं आणि ती 'ॲक्युरेटरिप' या जगभरच्या यादीशी पडताळून बघतं. आपल्याकडच्या जुन्या मराठी सीडी त्या यादीत बऱ्याचदा नसतात. तेव्हा त्यातली 'टेस्ट आणि कॉपी' ही सोय वापरा. सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही बेरजा जुळल्या तरच ती बरोबर धरायची. दिवसाला पाच सीडी, पुस्तिका हातात असतानाच टॅग भरून, आणि पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. 'नंतर भरू' म्हणून ठेवलेले टॅग माझ्या अनुभवात कधी भरले गेले नाहीत.

पुरात भिजलेली किंवा कळकट झालेली सीडी साध्या पाण्यानं धुवा आणि मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलं तर ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि तो प्लेअरला सावरता येत नाही. छापील बाजूलाही जपा, माहितीचा थर त्या रंगाच्या अगदी लगेच खाली असतो.

कॅसेटला वेळ जास्त लागतो, कारण तासाची कॅसेट तासातच उतरते. भिजलेली असेल तर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय वाजवू नका. आतली स्प्रिंग गंजली असेल तर स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फीत बदलून घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये जोडा आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही असं बघा. घरगुती बैठकींच्या कॅसेट आधी घ्या. बाजारातली सीडी पुन्हा मिळेल, आजोबांच्या खोलीतली बैठक मिळणार नाही.

कायद्याचंही विचारलं जातं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला जागा आहे. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत त्यात बसते, असं मी धरतो. अख्खी हार्ड डिस्क वाटत सुटणं हे वेगळं.

बॅकअप, मृगाच्या आधी

सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवत असतील, तर एक बिघडली तरी काम चालू राहतं. पण चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हींतून जातो, आणि पाणी आलं तर दोन्ही एकाच पेटीत बुडतात. म्हणून ती सोय बॅकअपमध्ये धरू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम कृष्णाकाठच्या माणसाला दोनदा सांगावा लागू नये. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर आपण पाहिले.

माझी एक प्रत सर्व्हरमध्ये, दुसरी वरच्या मजल्यावरच्या कपाटात यूएसबी हार्ड डिस्कवर आणि तिसरी पुण्याला भावाकडे. मृग लागायच्या आधी वरची डिस्क ताजी करतो. गणपतीला भाऊ येतो तेव्हा त्याच्याकडची डिस्क बदलून देतो. घराबाहेरची प्रत नदीच्या त्याच काठावर, त्याच उंचीवर ठेवण्यात अर्थ नाही, पूर दोन्ही घरांत एकाच रात्री येतो. आणि वर्षातून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-सहा फाइली प्रत्यक्ष वाजवून बघा. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी रिकामा निघालेला मी एका ओळखीच्या घरी पाहिला आहे.

पहिला आठवडा

यंत्र घरी आल्यावर, परत करायची मुदत आहे तोवर, तीन गोष्टी करून बघा. राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढा, राउटर चालू ठेवा, आणि बघा आपलं स्वतःचं संगीत अजून लागतं का. काही यंत्रं इंटरनेटशिवाय लॉगिनच होत नाहीत. ती मी ठेवणार नाही. मग यूपीएसवर असताना मेन स्विच बंद करा आणि सर्व्हर चालू राहतो का ते बघा.

तिसरी परीक्षा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची. मी आईच्या हातात टॅब दिला आणि काही न सांगता बाजूला बसलो. तिनं चष्मा वर केला, 'राग' या शब्दावर बोट ठेवलं, यादी खाली सरकवत 'ज' पर्यंत आली, थोडं पुढे गेली, परत मागे आली आणि 'जोगिया' दाबलं. चार नावं आली. तिनं तिसरं निवडलं आणि टॅब मांडीवर पालथा ठेवून डोळे मिटले. त्या दिवसापासून पहाटे तिनं मला गाणं लावायला उठवलेलं नाही.